ब्राउझरच्या न मागितलेल्या जोडण्या
ब्राउझर उघडून एकही पत्ता लिहिला नाही, तरी त्याचे बाहेरच्या सर्व्हरांशी बोलणे सुरू झालेले असते. फायरफॉक्स सुरू होताच मोझिलाच्या सर्व्हरला एक छोटी विनंती पाठवून, आपण हॉटेलच्या किंवा विमानतळाच्या लॉगिन मागणाऱ्या वाय-फायमागे अडकलो आहोत का, हे तपासतो. नवी आवृत्ती आणि धोकादायक संकेतस्थळांची यादी यांसाठीच्या जोडण्या वेगळ्याच. यातल्या बऱ्याच उपयुक्त आहेत, हे मी मान्य करतो. फायरफॉक्सच्या संकेतस्थळांच्या तपासणीत तर सहसा पूर्ण पत्ता जातच नाही: त्याच्या हॅशचे, म्हणजे पत्त्यावरून गणिताने काढलेल्या ठरावीक लांबीच्या सांकेतिक आकड्याचे, पहिले 32 बिट संगणकावरच्याच यादीशी ताडून पाहिले जातात आणि ते जुळले, तरच सर्व्हरला विचारले जाते.

तरीही प्रत्येक जोडणीबरोबर आयपी पत्ता आणि वेळ कळतेच. 2020 मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधील डग्लस लीथ यांनी सहा ब्राउझर तपासले, तेव्हा मूळ सेटिंग्ज तशीच ठेवली असता ब्रेव्ह सर्वांत खासगी ठरला, तर एज आणि यांडेक्स थेट यंत्राच्या हार्डवेअरशी बांधलेली ओळख पाठवत होते.

मला सर्वाधिक खटकते ती पत्त्याची पट्टी. शोधसूचना चालू असतील, तर एंटर दाबण्यापूर्वीच अर्धवट लिहिलेले आजाराचे नाव शोधयंत्राकडे पोहोचते, आणि नंतर ते खोडले तरी परत येत नाही. मी त्या सूचना बंद केल्या आहेत. वाय-फायच्या तपासणीसाठी मात्र फायरफॉक्सच्या नेहमीच्या सेटिंग्जमध्ये बटणच नाही. ती प्रगत सेटिंग्जमध्ये शोधावी लागते, आणि परवानगी इतकी खोल दडलेली असणे मला मुळीच पटत नाही.