फोर्ज शॉपमधील बोलका इअरमफ आणि तो डोक्यावर बसवण्याची रीत

फोर्जिंगच्या, म्हणजे तापवलेला धातू हॅमरने ठोकून घडवण्याच्या कारखान्यात कानांच्या संरक्षणाचा विषय निघाला की किती डेसिबलचा इअरमफ (दोन्ही कान झाकणाऱ्या कपांचा संच) मागवावा, यावरच बहुतेक चर्चा होते. चाकण-भोसरी पट्ट्यातील फोर्ज शॉपमध्ये देखभालीचे काम करताना माझे लक्ष मात्र दुसऱ्याच गोष्टीकडे जात राहिले. कामगार तो इअरमफ शिफ्टमध्ये किती वेळा कानावरून सरकवतो आणि कशासाठी सरकवतो, हे मी पाहत असे. कारण बहुधा एकच असते: त्याला शेजारच्याचे बोलणे ऐकायचे असते. डाय (हॅमरचा साचा) बदलताना क्रेन ऑपरेटर वर केबिनमध्ये, साखळी अडकवणारा खाली, फिटर हॅमरच्या पलीकडे आणि मागे फर्नेसचा ब्लोअर अखंड चालू, अशा वेळी कान झाकून काम पुढे सरकत नाही, म्हणून माणूस कान उघडा करतो.

त्या थोड्या वेळाची किंमत किती मोठी आहे, हे साध्या हिशेबाने कळते. इअरमफने आवाज ३० डेसिबलने कमी केला म्हणजे कानापर्यंत पोहोचणारी ध्वनिऊर्जा हजारातील एक भाग उरली. परंतु ८ तासांच्या शिफ्टमध्ये तोच इअरमफ एकूण अर्धा तास काढला, तर ऊर्जेच्या हिशेबाने पूर्ण शिफ्टचे सरासरी संरक्षण १२ डेसिबलच्या आसपास येते, आणि ४८ मिनिटे काढला तर जेमतेम १०. कारखाने अधिनियम, १९४८ (नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू) खालील नियमांत ८ तासांसाठी ९० डेसिबल, ९५ डेसिबलला ४ तास आणि १०० डेसिबलला २ तास अशी मर्यादा घातली गेली, आणि आवाजामुळे येणारा बहिरेपणा त्याच अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांत होता. हॅमरजवळ १०० डेसिबल सहज ओलांडले जातात. म्हणून ज्या इअरमफमध्ये माइक आणि रेडिओवरून बोलण्या-ऐकण्याची सोय आहे तो चैनीचा माल आहे, असे खरेदी विभागाने म्हटले की मला मनापासून वाईट वाटते. ती सोय आहे म्हणूनच कप कानावर टिकून राहतो.

हा संच बसवण्यात खरी मेहनत आहे ती कपाच्या गादीची. गादी कानाभोवती, कवटीच्या हाडावर, सर्व बाजूंनी सलग टेकली पाहिजे. मध्ये चष्म्याची जाड काडी, कल्ल्यांचे दाट केस, भिकबाळी किंवा डूल आले की तेवढ्या फटीतून आवाज आत शिरतो, आणि फटीतून सर्वांत आधी ब्लोअरसारखी खालच्या पट्टीतील घरघर आत येते, कारण तो आवाज अडवणे मुळातच अवघड असते. हेल्मेटला जोडायचा प्रकार असेल तर दोन्ही बाजूंच्या दांड्या हेल्मेटच्या खाचांत ‘खट्’ असा आवाज येईपर्यंत बसवाव्यात, हेल्मेट डोक्यावर नीट घालावे, कान पूर्ण मोकळे करून मगच कप आत दाबावेत आणि शेवटी कप वर-खाली सरकवून उंची जुळवावी. कोणत्याही हेल्मेटला कोणताही कप चालत नाही. उत्पादकाने ज्या जोडीची चाचणी घेतलेली आहे तीच जोडी वापरावी.

आमच्याकडील एका ज्येष्ठ क्रेन ऑपरेटरची तक्रार होती की, रेडिओचा आवाज शेवटपर्यंत वाढवूनही शब्द कळत नाहीत. सेट तपासला, बॅटरी बदलली, काही फरक पडला नाही. मग शिफ्टमधील एक तरुण फिटर त्यांच्या जवळ गेला आणि म्हणाला, “काका, हेल्मेट काढा बरं जरा.” घाम टिपण्यासाठी त्यांनी हेल्मेटखाली रुमाल बांधला होता आणि त्याची दुमडलेली कड दोन्ही गाद्यांखाली आली होती. रुमाल कपाळापुरता वर बांधून कप पुन्हा बसवले, तेव्हा आवाजाचे बटण बरेच खाली आणूनही त्यांना प्रत्येक शब्द ऐकू आला. आवाज वाढवावासा वाटला की आधी गादी तपासावी, हे मी प्रत्येक नव्या माणसाला सांगतो, कारण रेडिओचा आवाजही कानावरच पडतो आणि दिवसभरात कानांनी झेललेल्या एकूण आवाजात मोजला जातो.

फट आहे की नाही, हे पाहण्याची एक साधी पद्धत आहे. हॅमरजवळ नव्हे, तर कॉम्प्रेसरसारख्या एकसारख्या आवाजाजवळ उभे राहावे, दोन्ही तळहातांनी कप हलकेच आत दाबावेत आणि सोडावेत. दाबल्यावर गोंगाट ठळकपणे कमी झाला, तर कप मुळातच नीट बसलेला नाही.

बूम माइकची, म्हणजे कपापासून दांडीने तोंडाशी येणाऱ्या माइकची जागा हा दुसरा दुर्लक्षित भाग. गोंगाट गाळणाऱ्या माइकला पुढून आणि मागून अशा दोन वाटा असतात. दूरचा गोंगाट दोन्ही वाटांनी जवळपास सारख्या जोराने येतो आणि परस्परांत रद्द होतो; ओठांशेजारचा आवाज मात्र पुढच्या वाटेने कितीतरी अधिक जोराने येतो, म्हणून तो टिकतो. माइक हनुवटीपर्यंत खाली सरकला की बोलणेही दूरच्या आवाजासारखेच होते आणि समोरच्याला नुसती खरखर ऐकू येते. तो तोंडाच्या कोपऱ्याशी, ओठांना जवळजवळ टेकेल इतका जवळ आणि योग्य बाजू तोंडाकडे करून ठेवावा. बोलू लागताच आपोआप सुरू होणारी सोय फोर्ज शॉपमध्ये मी बंदच ठेवायला सांगतो, कारण हॅमरच्या ठोक्याने ती सुरू होते आणि चॅनेल अडून राहतो. बटण दाबून बोलणेच बरे.

काही संचांत बाहेरचा आवाज आत घेणारे छोटे माइकही असतात, जे भोंगा किंवा फोर्कलिफ्टचा हॉर्न ऐकू देतात आणि कानाजवळची पातळी साधारण ८२ डेसिबलपुरती मर्यादित ठेवतात. उपयोगी आहेत.

गाद्या आणि आतील स्पंज वर्षातून किमान दोनदा बदलावेत, असे उत्पादक सांगतात. फर्नेसच्या उष्णतेत आणि घामात त्या त्याआधीच कडक होतात, म्हणून आम्ही दर महिन्याला बोटाने दाबून पाहतो आणि तडा दिसला की लगेच बदलतो. काम संपल्यावर कप हेल्मेटवर दाबून ठेवू नयेत, त्याने गादीवर कायमचा वळ पडतो.

रेडिओ आला म्हणून हातांच्या खुणा मात्र आम्ही सोडलेल्या नाहीत. खालून दिलेला शब्द क्रेन ऑपरेटरने परत उच्चारायचा, तो परत आला नाही किंवा बॅटरी संपली तर लोड जागीच थांबवायचा, आणि थांबण्याची खूण शॉपमधील कोणीही केली तरी ती पाळायची, असा नियम क्रेनच्या शिडीजवळच्या फलकावर लिहिलेला आहे.