अकरा भागांतच बारा वाजले

हल्ली एखादी सिरीज मनापासून आवडायला लागली की पहिली शंका हीच येते, ही बंद तर नाही ना पडली? आपल्याकडं 'चार दिवस सासूचे' अकरा वर्षं चालली, नावात चार दिवस आणि मुक्काम अकरा वर्षं, आणि तिकडं अमेरिकेत 'फायरफ्लाय'ला धड चार महिने पण मिळाले नाहीत. हे माझं जुनं दुखणं आहे.

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी, सन २५१७, माणसं दुसऱ्या ग्रहांवर जाऊन राहिलीयेत, युद्धात हरलेल्या बाजूचा एक कॅप्टन खटारा अंतराळयान घेऊन स्मगलिंगवर पोट भरतोय, यानात सगळे मिळून नऊ जण, बाहेर घोडे, पिस्तुलं, धूळ, आणि डोकं फिरलं की शिव्या चिनीतून. ऐकायला भेळ वाटते पण बघायला बसलं की ती नऊ माणसं आपली वाटायला लागतात. फक्त त्याला थोडा वेळ लागतो, आणि नेमका तोच कोणी दिला नाही.

सिरीज बनवणाऱ्या जॉस व्हीडनने या नऊ जणांची ओळख करून द्यायला दोन तासांचा पहिला भाग बनवला होता. ती दाखवणाऱ्या फॉक्स चॅनलवाल्यांना तो संथ वाटला, म्हणाले जरा ॲक्शनवालं काहीतरी आणा. मग एका वीकेंडात ट्रेन लुटायची गोष्ट लिहून काढली आणि २० सप्टेंबर २००२ ला तीच पहिली म्हणून दाखवली. म्हणजे कोण कुठला, यानात का आलाय, कशाचा पत्ता नाही, थेट दरोडाच! मधले भाग पण मागेपुढे केले. आणि खरा पहिला भाग कधी दाखवला, तर २० डिसेंबरला, सगळ्यात शेवटी, सिरीज गुंडाळायचं ठरल्यावर. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. बनवलेले चौदा, फॉक्सने दाखवले अकरा, आणि वर कारण काय तर लोक बघत नाहीत. अरे बघणार कसे?

शुक्रवार रात्रीची वेळ वाईट होती असं फॅन लोक म्हणतात ते खरंय, पण नुसत्या शुक्रवारला दोष देऊन चालत नाही कारण 'एक्स-फाइल्स' पण याच फॉक्सवर याच वारी सुरू झाली होती, तिला टिकू दिलं म्हणून ती एवढी मोठी झाली. 'साइनफेल्ड' या कॉमेडी सिरीजचं तर १९८९ चं पायलटच, म्हणजे नमुन्याचा पहिला भागच, प्रेक्षकांना दाखवून बघायच्या टेस्टिंगमध्ये आपटलेलं. तेव्हा एनबीसी चॅनलमधल्या रिक लुडविन नावाच्या अधिकाऱ्याने आपल्या स्पेशल कार्यक्रमांच्या बजेटमधून पैसे काढून अजून चार भाग करायला लावले. फक्त चार! पुढं नऊ सीझन झाले. असा एखादा लुडविन प्रत्येक चॅनलला पगारी ठेवायला पाहिजे राव.

'फायरफ्लाय'च्या फॅन्सनी पोस्टकार्डं पाठवली, वर्गणी काढून जाहिरात दिली, डीव्हीडी एवढ्या खपल्या की २००५ मध्ये पिक्चर निघाला. २००७ मध्ये स्टीव्हन स्वॅन्सन हा अंतराळवीर तिच्या डीव्हीडी घेऊन अंतराळ स्थानकावर गेला! खाली शुक्रवारची एक रात्र मिळेना आणि वर थेट कक्षेत जागा.

वाटलं होतं स्ट्रीमिंग आलं की हे थांबेल, कसलं काय. 'डार्क' ही जर्मन सिरीज बनवणाऱ्या जोडीची '१८९९' ही नवी सिरीज नेटफ्लिक्सवर नोव्हेंबर २०२२ ला आली आणि जानेवारीत बंद झाल्याचं कळलं. त्यांच्या डोक्यात तीन सीझन होते. आठव्या भागाच्या शेवटी सगळी गोष्ट अशी काही उलटते की बास, काय होतं ते सांगत नाही, सांगून फायदा पण नाही कारण पुढचं दाखवायला कोणी नाहीये.

याचा परिणाम असा झालाय की लोक नवीन सिरीजला हातच लावत नाहीत, आधी पूर्ण होऊ दे मग बघू म्हणतात, मग सुरुवातीचे बघणाऱ्यांचे आकडे पडतात, आणि मग ती आकड्यांपायी बंद. बरं बंद करायचीच तर करा, धंदा आहे तुमचा, पण निदान शेवट करायला एक भाग तरी देत जा की.

परवा मित्र एका नव्या सिरीजचं लय कौतुक करत होता. मी विचारलं, सीझन किती? म्हणाला एकच, पुढचं अजून नक्की नाही. म्हटलं नाव पाठवून ठेव, नक्की झालं की बघतो.