आपल्याच लोकांसमोर

२५ ऑगस्ट २०२५, सोमवार, रात्री

जॉन मॅकेन यांना जाऊन आज सात वर्षं झाली. ॲरिझोनाचे सिनेटर, रिपब्लिकन पक्षाचे. राष्ट्राध्यक्षपदासाठी दोनदा धडपडले आणि दोन्ही वेळा हरले. त्यांचं निम्म्याहून जास्त राजकारण मला पटत नाही. गर्भपात, बंदुका, इराक, यांतल्या एकाही मुद्द्यावर माझं त्यांच्याशी जमलं नसतं. तरी राजकारणातल्या ज्या माणसांबद्दल मनापासून आदर वाटतो त्यांत ते माझ्या लेखी फार वर आहेत, आणि त्याचं मोठं कारण म्हणजे एका सभेतली काही मिनिटं. आज जेवणं आटोपल्यावर ती चित्रफीत पुन्हा लावली.

१० ऑक्टोबर २००८, मिनेसोटातलं लेकव्हिल. निवडणुकीला महिनाही उरलेला नाही. सप्टेंबरात लेहमन ब्रदर्स ही बडी बँक बुडाली, बाजार कोसळला, आणि तेव्हापासून ओबामा पुढे निघून गेलेत. मॅकेन यांच्या सभांचा सूर बिघडलाय. ओबामांचं नाव निघालं की आरोळ्या उठतात. हा राग काही आभाळातून पडला नव्हता. सहउमेदवार सारा पेलिन जाहीर सभांतून ओबामांचा संबंध दहशतवाद्यांशी जोडत होत्या, आणि खुद्द मॅकेन यांच्या प्रचारातून 'हा माणूस नक्की आहे तरी कोण' असा संशय पेरला जात होता. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढचं लिहिताना त्यावर पांघरूण पडायला नको.

त्या सभेत एक माणूस उठून सांगतो, आम्हाला मूल होणार आहे आणि ओबामांच्या राज्यात ते वाढवायची भीती वाटते. मॅकेन म्हणतात, ओबामा सभ्य गृहस्थ आहेत, ते राष्ट्राध्यक्ष झाले तर तुम्ही घाबरण्याचं कारण नाही. यावर सभागृह हुर्यो उडवतं. त्यांचंच सभागृह! त्यांच्यासाठी रांगा लावून आलेली, त्यांच्या नावाचे फलक घेऊन बसलेली माणसं. मॅकेन क्षणभर थांबतात, म्हणतात की मी त्यांच्यापेक्षा चांगला राष्ट्राध्यक्ष होईन असं वाटलं नसतं तर मी उभाच राहिलो नसतो, पण त्यांच्याविषयी मला आदर आहे आणि तो मी ठेवणार.

मग त्या वयस्क बाई. लाल कपड्यातल्या. मॅकेन त्यांच्यासमोर उभे आहेत, मान हलवत ऐकतायत. बाई म्हणतात, ओबामांवर माझा विश्वास नाही, मी त्यांच्याविषयी वाचलंय, ते... ते अरब आहेत. इथे मॅकेन यांची मान हलायची दिशा बदलते. ते बाईंच्या हातून माईक काढून घेतात, ओढून नाही, अगदी हळू, आणि म्हणतात, 'नाही बाई, नाही. ते एक सभ्य, घरंदाज माणूस आहेत, या देशाचे नागरिक आहेत. माझे त्यांच्याशी काही मूलभूत बाबतींत मतभेद आहेत, आणि ही निवडणूक त्याबद्दलच आहे.'

बस, एवढंच. बाईंचा अपमान नाही, आवाज चढवणं नाही.

विरोधकांच्या सभेत जाऊन सुनावणं मला एवढं अवघड वाटत नाही. तिथे शिव्या खायची तयारी असतेच, आणि घरी परतल्यावर आपले लोक पाठ थोपटतात. आपल्याच माणसांनी कान टवकारलेले असताना, त्यांना हवं ते न बोलणं, आणि तेही मतांची गरज सर्वांत जास्त असताना, हे मला फार मोठं वाटतं. त्या दिवशी त्या बाईंना 'काळजी करू नका, आपण जिंकू' एवढं म्हणून पुढे सरकता आलं असतं. कोणी नावं ठेवली नसती.

त्या उत्तरात एक उणीव आहे, आणि ती तेव्हाच लोकांनी दाखवली होती. 'अरब आहेत' याला 'नाही, सभ्य आहेत' असं उत्तर दिलं की अरब माणूस सभ्य नसतो असा अर्थ निघतो. जे अरब अमेरिकन घरी बसून टीव्ही पाहत होते त्यांना काय वाटलं असेल? ही उणीव भरून काढली ती दुसऱ्या एका रिपब्लिकन माणसाने, कॉलिन पॉवेल यांनी. १९ ऑक्टोबरला ओबामांना पाठिंबा जाहीर करताना ते म्हणाले, ओबामा मुसलमान नाहीत, ख्रिस्ती आहेत, हे झालं खरं उत्तर. पण त्याहून खरं उत्तर हे, की असते मुसलमान तर काय बिघडलं असतं? मॅकेन यांचं उत्तर आणि पॉवेल यांचं उत्तर ही मला एकाच जिन्याच्या दोन पायऱ्या वाटतात. वरची पायरी जास्त चांगली, पण गर्दीसमोर, विचार करायला एक श्वासही हाताशी नसताना, पहिली पायरी चढणारा माणूस मला तेवढाच मोलाचा.

झोप येतेय. उरलेलं उद्या.

२६ ऑगस्ट, मंगळवार

उद्या गणपती. घरात मखराचा पसारा आहे, तो मुलांवर सोपवून हे लिहायला बसलेय.

मॅकेन घराणं नौदलाचं. आजोबा आणि वडील दोघेही ॲडमिरल, दोघांचंही नाव जॉन सिडनी मॅकेन. हे तिसरे, जन्म १९३६ चा, पनामा कालव्याच्या पट्ट्यातल्या नौदल तळावर. ॲनापोलिसच्या नौदल अकादमीत ८९९ जणांत यांचा नंबर ८९४ वा. तापट, नियम मोडणारे, उंडारणारे. पुढे जे घडलं त्याची कसलीही चाहूल या मुलात दिसत नाही.

२६ ऑक्टोबर १९६७ ला, व्हिएतनाम युद्धात, हनोईवर बॉम्बफेक करताना त्यांचं विमान पाडलं गेलं. बाहेर फेकले जाताना दोन्ही हात आणि एक पाय मोडला, आणि ते शहराच्या मध्यभागी ट्रुक बाख नावाच्या तळ्यात पडले. लोकांनी ओढून बाहेर काढलं, कुणी बंदुकीच्या दस्त्याने खांदा फोडला, कुणी संगीन खुपसली. हेही लिहायला हवं की ज्या शहरावर ते बॉम्ब टाकायला गेले होते त्या शहराची ती माणसं होती. त्यांचा राग मला परका वाटत नाही.

पुढे साडेपाच वर्षं कैद. त्यातली दोन वर्षं एकांतवासात.

१९६८ च्या उन्हाळ्यात त्यांचे वडील प्रशांत महासागरातल्या सगळ्या अमेरिकी फौजांचे प्रमुख झाले, आणि तुरुंगाच्या अधिकाऱ्यांनी मुलाला सोडून द्यायची तयारी दाखवली. हिशोब उघड होता. ॲडमिरलचा मुलगा घरी गेला की बाकीच्या कैद्यांना सांगता येणार, बघा, तुमचे बडे लोक असेच निसटतात. कैद्यांमध्ये नियम होता की जो आधी पकडला गेला तो आधी सुटणार. एव्हरेट अल्वारेझ नावाचा वैमानिक १९६४ पासून तिथे होता. मॅकेन यांनी सुटका नाकारली. तेव्हा त्यांना आमांश झालेला, हाडं नीट जुळलेली नव्हती, वजन पार उतरलेलं.

त्यानंतर ऑगस्टमध्ये चार दिवस मारहाण. हात पुन्हा मोडला, बरगड्या मोडल्या. शेवटी त्यांनी कबुलीजबाबावर सही केली, की मी गुन्हेगार आहे, हवाई लुटारू आहे. सुटून आल्यावर, १९७३ मध्ये, त्यांनी हे स्वतःच लिहून टाकलं: प्रत्येक माणसाच्या सहनशक्तीला शेवट असतो, मी माझ्या शेवटाला पोचलो होतो. लोक त्यांना वीर म्हणत असताना ही सही त्यांनी कधी लपवली नाही. त्या सुटका नाकारण्याइतकाच मला हा भागही महत्त्वाचा वाटतो.

हात पुढे आयुष्यभर खांद्याच्या वर गेले नाहीत. स्वतःचे केस स्वतः विंचरता येत नव्हते.

घरी परतल्यावरचं सगळंच गौरवाचं नाही. ते कैदेत असताना पत्नी कॅरल यांना मोटार अपघात झाला होता, अनेक शस्त्रक्रिया सोसून त्या उभ्या राहिल्या होत्या. १९८० मध्ये घटस्फोट झाला आणि त्याच वर्षी मॅकेन यांनी सिंडी हेन्सली यांच्याशी लग्न केलं. लग्न मोडण्याचा दोष माझाच, असं ते नंतर म्हणत. बाई म्हणून मला हे वाचताना त्रास होतो आणि तो झालाच पाहिजे.

सिंडी ॲरिझोनाच्या, त्यांचे वडील बिअरचे मोठे वितरक. १९८२ मध्ये मॅकेन तिथून लोकप्रतिनिधिगृहासाठी उभे राहिले तेव्हा 'हा उपरा आहे' अशी टीका झाली. त्यांनी उत्तर दिलं, नौदलातल्या माणसाला एका जागी राहायला मिळत नाही, नीट विचार केला तर आयुष्यात मी सर्वांत जास्त काळ राहिलो ते गाव हनोई. पुन्हा कुणी तो विषय काढला नाही म्हणतात. १९८६ मध्ये बॅरी गोल्डवॉटर यांच्या जागी सिनेटवर गेले आणि मरेपर्यंत राहिले.

२८ ऑगस्ट, गुरुवार

काल पाहुण्यांमुळे लिहिणं झालं नाही. दुपारभर साउथ कॅरोलायना डोक्यात होतं.

२००० सालची रिपब्लिकन प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायची राज्याराज्यांतली निवडणूक. न्यू हॅम्पशायर मॅकेन यांनी दणक्यात जिंकलं होतं, जॉर्ज बुश मागे पडले होते. पुढचं राज्य साउथ कॅरोलायना. तिथे कुजबूज सुरू झाली की मॅकेन यांना एका काळ्या बाईपासून झालेलं मूल आहे. फोनवरून, चिठ्ठ्यांमधून. ते मूल म्हणजे त्यांची मुलगी ब्रिजेट. ढाक्यात मदर तेरेसांच्या अनाथाश्रमातून सिंडी तिला १९९१ मध्ये घेऊन आल्या होत्या, उपचार हवे होते म्हणून, आणि मग दोघांनी तिला दत्तक घेतलं. सावळी, सभांना आईवडिलांसोबत उभी राहणारी पोर. तिचा रंगच पुरावा म्हणून वापरला गेला. आपल्या उपखंडातल्या एका अनाथ मुलीच्या वाट्याला दुसऱ्या टोकाच्या देशात हे यावं, याची चीड मला अजून येते.

पण त्याच राज्यात मॅकेनही घसरले. तिथल्या विधानभवनाच्या घुमटावर गुलामगिरीवाल्या दक्षिणेचा झेंडा फडकत होता. आधी त्यांनी टीव्हीवर सांगितलं की हा वंशवादाचं आणि गुलामीचं प्रतीक आहे. मतदार बिथरतील असं दिसल्यावर मात्र ते खिशातून कागद काढून वाचून दाखवू लागले, की अनेकांसाठी तो वारशाचं प्रतीक आहे. लेकव्हिलमध्ये ज्या गर्दीला तोंड दिलं, तशाच गर्दीपुढे आठ वर्षं आधी हाच माणूस वाकला होता. एवढं करूनही हरलेच. एप्रिलमध्ये ते मुद्दाम त्या राज्याच्या राजधानीत, कोलंबियाला, परत गेले आणि जाहीरपणे म्हणाले की खरं बोललो तर इथे हरेन या भीतीने मी तत्त्वाशी तडजोड केली. हरल्यानंतरच्या कबुलीची किंमत थोडी कमीच, हे मला मान्य. पण ती द्यायला कुणी त्यांना बोलावलं नव्हतं.

मला वाटतं लेकव्हिलचा माणूस कोलंबियात घडला. हनोईतला निर्धार शत्रूसमोरचा होता, तो त्यांच्यात आधीपासून होता. आपल्या लोकांसमोर ताठ राहणं त्यांना नंतर, हार खाऊन शिकावं लागलं.

आणि ते पुरतं शिकलेही नाहीत. त्यांनीच पेलिनना व्यासपीठ दिलं. इराक युद्धाची त्यांनी वर्षानुवर्षं तरफदारी केली आणि शेवटच्या वर्षी लिहिलं की ती गंभीर चूक होती आणि दोषातला माझा वाटा मला घेतला पाहिजे. इराकमध्ये ज्यांची घरं उद्ध्वस्त झाली त्यांना या एका वाक्याचा काय उपयोग, याचं उत्तर माझ्याकडे नाही आणि त्यांच्याकडेही नव्हतं.

कैद्यांच्या छळाबाबत मात्र ते हलले नाहीत. २००५ मध्ये आपल्याच पक्षाच्या सरकारशी भांडून, कैद्यांना क्रूर वागणूक द्यायची बंदी त्यांनी सिनेटमध्ये ९० विरुद्ध ९ मतांनी मंजूर करून घेतली. मारून वदवून घेतलेला माणूस काहीही कबूल करतो, हे त्या सभागृहात त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

जुलै २०१७ चं मतदान सगळ्यांनी पाहिलंय. मेंदूचा कर्करोग कळलेला, डाव्या भुवईवर शस्त्रक्रियेची ताजी खूण. २८ तारखेला मध्यरात्र उलटून गेल्यावर ओबामाकेअर, म्हणजे ओबामांचा आरोग्यविम्याचा कायदा, मोडीत काढण्याच्या विधेयकावर मतदान. मॅकेन पुढे येतात, सिनेटमधले रिपब्लिकन नेते मिच मॅकॉनल हाताची घडी घालून समोर उभे. मॅकेन हात पुढे काढतात, तो हात जेवढा वर जाऊ शकतो तेवढाच, आणि अंगठा खाली करतात. ४९ विरुद्ध ५१, विधेयक पडलं. सुसान कॉलिन्स आणि लिसा मर्कोव्स्की या दोघी रिपब्लिकन सिनेटरही विरोधात होत्या. सगळं श्रेय मॅकेन यांनाच मिळतं, आणि हा त्या दोघींवर अन्याय आहे, त्या तर आधीपासून ठाम होत्या. मॅकेन यांना ओबामाकेअर आवडत नव्हतंच. सुनावण्या नाहीत, चर्चा नाही, रातोरात कायदा रेटायचा, हे त्यांना मान्य नव्हतं.

पण आज मला या मतदानापेक्षा व्हिएतनामचं जास्त आठवतंय. जॉन केरी, डेमोक्रॅट, युद्धातून परत येऊन युद्धाविरुद्ध निदर्शनं करणारे. मॅकेन कैदेत असतानाची ती निदर्शनं. या दोघांनी १९९० च्या दशकात एकत्र बसून बेपत्ता सैनिकांच्या प्रकरणाचा छडा लावला आणि कुणी अजून जिवंत कैदेत असल्याचा ठोस पुरावा नाही, असं त्यांच्या समितीने सांगितलं. काही कुटुंबांनी, काही माजी सैनिकांनी मॅकेन यांना तोंडावर गद्दार म्हटलं. तरी ते हटले नाहीत, आणि ११ जुलै १९९५ ला बिल क्लिंटन यांनी व्हिएतनामशी राजनैतिक संबंध जोडत असल्याचं जाहीर केलं तेव्हा हा रिपब्लिकन युद्धकैदी व्हाइट हाउसमध्ये त्यांच्यासोबत हजर होता.