चकणा आणि तोंडीलावणं

आमच्या ताईने आयुष्यात दारूच्या थेंबाला स्पर्श केलेला नाही आणि यापुढेही करणार नाही. तरी साके या तांदळाच्या जपानी दारूबद्दलची सगळ्यात शहाणी वाक्यं मी तिच्याच तोंडून ऐकली आहेत.

गेल्या फेब्रुवारीत आम्ही दोघी तिच्या मुलाकडे जपानला गेलो होतो. तो तोक्योत निशी-कासाईला राहतो. तिथे इतकी भारतीय माणसं आहेत की पहिले चार दिवस आपण परदेशात आलोय हे ताईला पटतच नव्हतं. पाचव्या दिवशी भाच्याने निईगाता प्रांतात जायचा बेत काढला. "आई, तुला बर्फ दाखवतो," हे त्याने तिला सांगितलं. मला स्वयंपाकघरात गाठून हळूच म्हणाला, "मावशी, तुला दुसरंच काहीतरी दाखवतो."

तोक्योहून शिनकानसेन या बुलेट ट्रेनने सव्वा-दीड तासात एचिगो-युझावा येतं. वाटेत डोंगराच्या पोटातून २२ किलोमीटरचा बोगदा आहे. आपल्या कोकण रेल्वेचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा, आणि त्याचंच मला कोण कौतुक! बोगद्यात शिरताना बाहेर कोरडं खडखडीत ऊन होतं. बाहेर पडलो तो घरांच्या छपरांवर माणूसभर उंचीचा बर्फ. ताई खिडकीला नाक लावून बसली ती गाडी थांबेपर्यंत.

पण बर्फाकडे जायच्या आधी भाच्याने आम्हाला स्टेशनातच एका दालनात वळवलं. दाराशी कोट-टाय घातलेला एक गृहस्थ जमिनीवर आडवा पडला होता. ताई दचकून मागे सरली. "अगं बाई, याला कुणी उठवत कसं नाही?" तो पुतळा होता. शेजारी त्याचा एक जोडीदारही तसाच लुढकलेला. जागेचं नाव पोन्शुकान. 'पोन्शु' हे साकेचं लाडकं, घरगुती नाव. तसं 'साके' म्हणजे जपानीत कुठलीही दारू. आपण जिला साके म्हणतो तिला ते लोक 'निहोन्शू' म्हणतात, म्हणजे जपानचं मद्य.

खिडकीवर ५०० येन दिले की हातात एक चिमुकला प्याला आणि पाच बिल्ले मिळतात. समोर भिंतभर छोटी यंत्रं, आपल्याकडच्या टपालपेट्या एकावर एक रचाव्यात तशी. निईगातात साके गाळणारे नव्वदच्या आसपास कारखाने आहेत, जपानातल्या कुठल्याही प्रांतापेक्षा जास्त, आणि त्यांचा माल इथे ओळीने मांडलेला. प्याला खाली धरायचा, बिल्ला टाकायचा, बटण दाबायचं. बारीक धार येते आणि दोन-तीन घोटांवर थांबते. प्याला पांढरा, तळाशी दोन निळी वर्तुळं. ही नक्षी नव्हे. साके किती नितळ आहे ते निळ्यावर कळतं आणि रंगाची छटा पांढऱ्यावर.

पहिला घोट घेतला आणि खरं सांगायचं तर माझी निराशा झाली. काही लागलंच नाही. वास आला, गारवा लागला, आणि संपलं. भाचा म्हणाला, इथली साके अशीच असते, हलकी आणि कोरडी, हेच तर इथलं वैशिष्ट्य. मी मान डोलावली, पण मनात म्हटलं, वैशिष्ट्य कसलं, पाणी आहे हे.

तेवढ्यात सूनबाईने मला कोपऱ्यातल्या टेबलाशी नेलं. टेबलावर मीठ होतं. नुसतं मीठ. निरनिराळ्या किनाऱ्यांवरची, जाडी, बारीक, पांढरी, करडी, अशी कित्येक मिठं ओळीने मांडलेली. "मावशी, आधी चिमूटभर जिभेवर ठेवा आणि मग तीच साके परत प्या." प्यायले. मघाच्या त्या पाण्यातून अचानक भात आला. गोडसर, उनउनीत, तोंडात रेंगाळणारा. मी डोळे विस्फारून ताईकडे पाहिलं तर ती म्हणाली, "त्यात काय नवल? पेरूला मीठ का लावतो आपण?"

मग तिनेच पुढे जोडलं, "ताटात पहिलं मीठच वाढतात ना. उगाच नाही."

एचिगो हे निईगाताचं जुनं नाव. या एचिगोचा सोळाव्या शतकातला सरदार उएसुगी केनशिन. तो म्हणे साकेबरोबर मीठ नाहीतर खारवलेलं उमे नावाचं आंबट फळ, एवढंच तोंडात टाकायचा. त्याचा हाडवैरी ताकेदा शिंगेन. त्याचा मुलूख डोंगरातला, आणि शेजाऱ्यांनी त्याचं मीठ तोडलं तेव्हा केनशिनने त्याला मीठ धाडलं अशी आख्यायिका आहे. जपानीत अजून 'शत्रूला मीठ पाठवणे' असा वाक्प्रचार चालतो. आपल्याकडे शत्रूच्या जखमेवर चोळतात.

दुसऱ्या बिल्ल्याच्या वेळी ताईने माझा प्याला हातात घेतला, नाकाशी नेला आणि परत दिला. "आंबोळ्यांचं पीठ," ती म्हणाली. "चांगलं फुगलेलं, उतू जायच्या बेतात आलेलं."

भाचा हसायला लागला, पण ती बरोबर होती. द्राक्षात साखर मुळातच असते, म्हणून वाइन करणाऱ्याचं काम अर्धं सोपं. तांदळात साखर नाही, पिठूळपणा आहे. म्हणून वाफवलेल्या तांदळावर कोजी नावाची बुरशी वाढवतात. ती पिठाची साखर करते आणि त्याच पिंपात, त्याच वेळी, यीस्ट त्या साखरेची दारू करत असतं. एकीने भाकरी थापायची आणि दुसरीने ती लगेच खायला घ्यायची, असा सगळा प्रकार. एकदम मोठं पिंप भरत नाहीत. आधी थोडं आंबवण तयार करतात, त्याला 'शुबो' म्हणतात, म्हणजे साकेची आई.

"म्हणजे विरजण," ताई म्हणाली आणि विषय तिच्यापुरता संपला. २०२४ च्या डिसेंबरात युनेस्कोने या कोजीवरच्या विद्येची वारसा म्हणून नोंद केली. ताईने ती दोन शब्दांत केली.

तांदूळ जितका जास्त घासावा तितकी साके नाजूक. दाण्याचा साठ टक्के किंवा त्याहून कमी भाग उरेपर्यंत घासला तर 'गिंजो', निम्मा किंवा त्याहून कमी उरला तर 'दायगिंजो'. हे ऐकून मी महाग साकेकडे आदराने पाहू लागले. ताईच्या कपाळाला मात्र आठी. "आणि उरलेला अर्धा तांदूळ?" तो फुकट जात नाही, त्याचं पीठ खारी बिस्किटं आणि जनावरांच्या खाद्यात जातं, हे कळल्यावरच ती पुढच्या यंत्राकडे सरकली. इथल्या साकेच्या तांदळाचं नाव मात्र तिला फार आवडलं, 'गोह्याकुमानगोकू'. पन्नास लाख कोकू. एक कोकू म्हणजे साधारण एका माणसाचा वर्षाचा तांदूळ, दीडशे किलो. प्रांताचं पीक पन्नास लाख कोकूंवर गेलं त्या आनंदात १९५७ साली हे नाव ठेवलं. आमच्याकडे तांदळाला आंबेमोहोर म्हणतात, यांनी थेट हिशोबच ठेवला.

ताईने तोवर काकडी मिसो नावाच्या सोयाबीनच्या आंबवलेल्या चटणीत बुडवून तीन तुकडे संपवले होते. खारट, आंबूस, खमंग. तिचा चकणा चालू होता, फक्त दारू नव्हती.

चकणा. हा शब्द आपण कसा उच्चारतो पाहा. जरा हसून, जरा खालच्या पट्टीत. परमिट रूममध्ये काचेच्या बशीत आलेले पिवळे चणे, मसाला पापड, उकडलेल्या शेंगा. मुळात 'परमिट रूम' हेच नाव बघा. आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे प्यायला अजूनही परवाना लागतो, म्हणजे पिणं ही सवलत आणि चकणा तिचा साक्षीदार. त्याचं काम दारूची चव मारायचं आणि तहान वाढवायचं. घरच्या ताटात मात्र त्याच कामाला आपण फार सोज्वळ नाव ठेवलंय, तोंडीलावणं. लोणचं, चटणी, कोशिंबीर. चकणा आणि तोंडीलावणं एका ओळीत बसवायचं धाडस मराठी माणूस करत नाही. गोव्यात उर्राकच्या ग्लासातच मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची टाकतात, तेवढी एक सोयरीक.

जपानी भाषेने हे धाडस कधीच करून टाकलंय. दुपारी जेवायला बसलो तेव्हा भाच्याने सांगितलं. जुन्या जपानीत 'ना' म्हणजे तोंडीलावणं, मग ती भाजी असो की मासळी. साकेबरोबरचं तोंडीलावणं ते 'साकाना'. साकेबरोबर मासे इतके खाल्ले गेले की पुढे माशालाच साकाना म्हणायला लागले. आजही जपानी गृहिणी बाजारात मासळी घ्यायला जाते तेव्हा ती शब्दशः चकणाच घ्यायला जाते.

जेवण म्हणजे हेगी-सोबा. 'हेगी' म्हणजे लाकडी तबक, आणि त्यात कुट्टूच्या पिठाच्या शेवयांच्या एकेका घासाच्या गुंड्या ओळीने ठेवलेल्या. कुट्टूचं पीठ तुटतं, म्हणून बांधायला काहीतरी लागतं. या भागात विणकर पुष्कळ, आणि ते सुताला खळ द्यायला फुनोरी नावाचं समुद्रशेवाळ वापरायचे. तीच खळ कुणीतरी शेवयांच्या पिठात घातली. शेवया हिरवट झाल्या आणि दाताखाली घट्ट, लवचीक लागायला लागल्या. "शेवाळ शाकाहारी ना?" एवढंच ताईने विचारलं. सोबतच्या रसात मासा होता, म्हणून तिने त्या मिठाबरोबर खाल्ल्या. परत मीठ! आणि कान्झुरीबरोबर. ती लाल मिरची आधी खारवतात, मग बर्फावर पसरून ठेवतात, मग कोजी आणि युझू नावाचं लिंबू घालून वर्षानुवर्षं मुरवतात. ताईने बोटाला लावून चाखली. "ठेचाच आहे, पण शिकलेला." तिने दोन बाटल्या घेतल्या.

माझ्यासाठी मुराकामी गावचा साल्मन आला. साल्मनलाही जपानीत साकेच म्हणतात, फक्त सूर वेगळा. वर्षातले कित्येक महिने समुद्राच्या वाऱ्यावर वाळवायचा, कागदासारख्या चकत्या कापायच्या आणि वरून साके शिंपडायची. मुराकामीत मासा वाळवताना त्याचं पोट पूर्ण चिरत नाहीत, मधे थोडी जागा तशीच ठेवतात. सामुराईंचं गाव, तिथे पोट फाडणं माशाच्या बाबतीतही नको. चावत गेलं की ती चकती मऊ होत जाते आणि चव वाढत जाते. वर साकेचा घोट घेतला तर माशाचा वास उरत नाही, नुसता माशाचा गोडवा राहतो. रेड वाइनबरोबर हाच मासा तोंडात लोखंडी होऊन बसतो, कारण वाइनमधलं लोह माशाच्या तेलाशी भांडतं. साके करणारे लोहाला पाण्यातच शिरू देत नाहीत, त्याने रंग आणि चव बिघडते. इथलं पाणी वितळलेल्या बर्फाचं, मऊ. सकाळी मला जे 'पाणी' वाटलं होतं ते खरोखर या पाण्याचंच कर्तृत्व होतं. ती साके स्वतः काही बोलत नव्हती, समोरच्या बशीची वाट पाहत होती. एकटीला बोलावून मी तिची परीक्षा घेतली, चूक माझी.

बर्फाने इथे आणखी एक गोष्ट केली. शेतं चार-पाच महिने गाडली गेली की इथले शेतकरी काय करणार? ते गावोगावच्या साकेच्या कारखान्यांत हिवाळ्यापुरते कामाला जायचे. त्यातूनच एचिगोचे 'तोजी' म्हणजे मुख्य कारागीर देशभर नावाजले.

आपला प्याला आपण भरायचा नाही, शेजाऱ्याने भरायचा, हा तिथला शिष्टाचार. मी सूनबाईचा भरला, तिने माझा. ताईला हे फारच पटलं. पंगतीत कुणी स्वतःच्या हाताने जिलबी वाढून घेतं का? मग तीही उठली आणि आमच्या दोघींच्या प्याल्यात एकेकदा ओतून बसली. आयुष्यभर दारूपासून चार हात लांब राहिलेली बाई, आणि ओतलं असं की थेंब सांडला नाही. गरम साकेच्या प्रत्येक टप्प्याला तिथे नाव आहे. तीस अंशांना 'ऊन', पस्तीसला 'माणसाचं अंग'. आमच्याकडे कोमट आणि कढत यांच्यामध्ये फारसं काही नाही, आणि तेही सगळं काढ्यासाठी.

येताना ७२० मिलीच्या दोन बाटल्या आणल्या. दोन लिटरपर्यंत परवानगी असते. पुण्यात मग माझे प्रयोग. कोथिंबीरवडीबरोबर जमलं नाही, मसाला पुढे पळाला. कैरीच्या फोडींनी तर साके गायबच झाली. सुरळीच्या वडीशी थोडं जमलं, खोबऱ्यामुळे असेल. भाजलेला सुका बोंबील मात्र अचूक बसला. तव्यावर नुसता शेकलेला, वर तिखट नाही, काही नाही. बरोबर बशीत मीठ ठेवलं होतं, पण ते लागलंच नाही, बोंबलाने समुद्र बरोबर आणला होता. घरभर वास सुटला आणि वरच्या मजल्यावरून फोन आला, एवढं सोडलं तर संध्याकाळ चांगली गेली.

तिथून तळाशी निळी वर्तुळं असलेला एक प्याला विकत आणला होता. माझ्या कपाटातून तो दोन महिन्यांत नाहीसा झाला. परवा ताईकडे गेले तर तिच्या फ्रीजमध्ये होता, वर ताटली झाकलेली. मी ताटली उचलली.

"विरजण आहे," ती म्हणाली. "मापाला बरोब्बर आहे गं."