माशीच्या डोळ्यावर केस आहेत का नाहीत, या एका ओळीत पंधरा दिवस गेले (माझा अनुभव)

सुरवंट पाळले होते, फुलपाखरांऐवजी त्यातून माश्या निघाल्या. टॅकिनिड (ज्यांच्या अळ्या दुसऱ्या किड्यांच्या अंगात वाढतात त्या माश्या) आहेत हे पटकन कळलं, बाजूने बघितलं की स्क्युटेलमच्या (छातीच्या मागच्या टोकाचा छोटा त्रिकोणी भाग) खाली अजून एक फुगीर उंचवटा दिसतो, सबस्क्युटेलम, मांसमाशीला तो असा फुगलेला नसतो. पण टॅकिनिडच्या 8500 हून जास्त जाती आहेत आणि माझ्या दोन्ही माश्या राखाडी, पाठीवर काळे पट्टे, अंगभर राठ केस, अगदी जुळ्या बहिणी. मी एकच जात धरून चालले होते.

ओळख पटवायला 'की' वापरतात, म्हणजे पायरीपायरीने दोन पर्यायांतून एक निवडत जायची यादी. अडकले ते तिच्यातल्या एका जोडीवर. 'डोळे केसाळ' नाहीतर 'डोळे बिनकेसाचे'. बस. चित्र नाही, केस किती लांब ते नाही, कुठून बघायचं ते नाही. मला केस दिसेनात म्हणून दुसरी वाट धरली, पाच-सहा पायऱ्या पुढे गेले की पायावरचे काटे जुळेनात, परत मागे. रोज रात्री हेच. अजून राग येतो, ज्यांनी हजारो माश्या बघितल्यात त्यांना ते सवयीने दिसतं, पण पहिल्यांदा बघणाऱ्यासाठी अजून एक वाक्य लिहायला काय हरकत होती?

शेवटी वरचा दिवा बंद केला, टॉर्च आडवा धरला, मागे काळा कागद लावला आणि माशी फिरवत फिरवत डोळ्याची कड बरोबर बाजूने आणली. आणि दिसली लव! कानाच्या पाळीवरची उन्हात चमकते ना, तशी, डोळ्याच्या गोलाईवर बारीक उभी. लगेच दुसरी माशी ठेवली, तिचा डोळा स्वच्छ. म्हणजे मुळात दोन वेगळ्या माश्या होत्या! इतका आनंद झाला की त्याच रात्री दोन्हींचं जीनस (जातीच्या वरचा गट) काढूनच उठले.

अल्कोहोलमधली माशी ओली असताना बघू नका, केस चिकटून बसतात आणि अंगावरची राखाडी भुकटी दिसतच नाही, नीट वाळवून मग बघा. पिन छातीच्या मधोमध नाही, जरा उजवीकडे टोचायची, म्हणजे डावीकडचे काटे शाबूत राहतात. काटा तुटला असेल तर त्याच्या बुडाचा खळगा मोजा, तो राहतोच.

आणि हे खरं तर आधी सांगायला हवं होतं, कोषातून निघालेली माशी लगेच मारू नका, एक दिवस राहू द्या, नाहीतर वाळल्यावर अंग चिंबतं आणि रंगही धरत नाही. रिकामा कोष त्याच माशीसोबत ठेवा.

लव असलेली माझी मादी आहे, जातीसाठी नराचे जननभाग बघावे लागतात म्हणून लेबलवर नुसतं जीनस लिहिलंय. त्याच सुरवंटांचे अजून चार कोष बरणीत आहेत, नर निघायची वाट बघतेय.