‘आपण’ म्हणजे कोण गं?

(२००४च्या वहीतली ही पानं आहेत. कंसातलं तेवढं आज लिहिलेलं.)

१२ ऑक्टोबर, मंगळवार

खालच्या आजोबांनी आज पुन्हा त्यांच्या छताला झाडूच्या दांड्यानं ठोकलं. आमच्या स्वयंपाकघरात ते पायाखाली ऐकू येतं. चूक माझीच. रात्री दहाला खलबत्त्यात दाण्याचं कूट करत बसले होते. हे घर बॉस्टनकडे असतात तसं लाकडी, तीन मजली, मजल्यागणिक एक बिऱ्हाड. खाली मालक, मध्ये आम्ही, वर दोन विद्यार्थी. जमीन इतकी पातळ की खालचा रेडिओ वर स्पष्ट ऐकू येतो.

नंतर कळलं की राग कुटाचा नव्हता. न्यूयॉर्कला बॉस्टनचा बेसबॉल संघ रेड सॉक्स ०-८नं मागे होता. त्यांचा हुकमी पिचर, म्हणजे गोलंदाज, कर्ट शिलिंग घोट्याच्या दुखण्यानं लंगडत होता. तीन डावांत सहा धावा देऊन परतला. न्यूयॉर्कच्या संघाच्या, यांकीजच्या, माइक मुसीनानं पहिले एकोणीस फलंदाज ओळीनं बाद केले. थोड्या वेळानं रेडिओही बंद झाला. मी वर टीव्हीवर बघत राहिले. त्यांनी ८-७पर्यंत आणलं आणि मग १०-७नं हरले.

१३ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी जिन्यात भेटले, तेव्हा मी सांगितलं की ८-७पर्यंत आले होते. “ते तर आणखी वाईट,” म्हणाले.

आज दुसरी मॅच. पेड्रो मार्टिनेझ पिचर. न्यूयॉर्कचे प्रेक्षक ‘तुझा बाप कोण?’ असं एका सुरात ओरडत होते. गेल्या महिन्यात यांकीजकडून मार खाल्ल्यावर त्यानंच ‘ते माझे बाप आहेत म्हणायचं’ असं बोलून ठेवलेलं. १-३नं हरले. सातातले चार जिंकायचे, मग वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम मालिका. सातातले दोन गेले.

१४ ऑक्टोबर, गुरुवार

घट बसवला. बागकामाच्या दुकानातून आणलेली माती, तांब्या, गहू. तिकडे चेन्नईची टेस्टही आजच सुरू झाली. बंगळूरला २१७ धावांनी हरल्यावर आता हीच काय ती आशा.

नवरा म्हणतो, एवढं काय त्या बेसबॉलचं. त्याला समजावताना माझं मलाच उमगलं. १९१८पर्यंत रेड सॉक्सनी पाच वेळा वर्ल्ड सिरीज जिंकली होती आणि यांकीजनी एकदाही नाही. मग १९१९च्या हिवाळ्यात संघाच्या मालकानं बेब रूथ नावाचा खेळाडू न्यूयॉर्कला विकून टाकला. तेव्हापासून यांकीजच्या नावावर २६, बॉस्टनच्या शून्य. इथली माणसं याला शाप म्हणतात, आणि नाक्यावरच्या कॉफीच्या दुकानात हा शब्द हसत हसत येत नाही. गेल्या वर्षी याच मालिकेची सातवी मॅच अकराव्या डावापर्यंत गेली आणि यांकीजच्या एरन बूननं एका फटक्यात संपवली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात सुतक होतं. मला आपलं नवल वाटत होतं.

१५ ऑक्टोबर, शुक्रवार

पाऊस. बॉस्टनची मॅच पुढे ढकलली. रात्रभर नेटवर महाराष्ट्राची मतमोजणी बघत बसले. राष्ट्रवादी ७१, काँग्रेस ६९. मुख्यमंत्री कुणाचा, यावर आता महिनाभर बातम्या.

१६ ऑक्टोबर, शनिवार

आपण १९-८नं हरलो. यांकीजच्या मात्सुईनं एकट्यानं पाच फटके मारले, त्यात दोन होमरन, म्हणजे षटकारासारखे थेट बाहेर. आपल्या मैदानाची, फेनवे पार्कची, ती उंच हिरवी भिंतसुद्धा बिचारी वाटत होती. ०-३. बेसबॉलच्या सातांच्या मालिकेत इथून परत आलेला संघ एकही नाही.

(इथे पहिल्यांदा ‘आपण’ लिहिलंय. तेव्हा माझ्या लक्षातही आलं नव्हतं. बाराच्या पानावर ‘त्यांनी’ आहे, तेराला नुसतंच ‘हरले’, आणि सोळाला ‘आपण’. जिंकताना ओढ लागली असती तर समजलं असतं. मला लागली ती १९-८ला.)

१७ ऑक्टोबर, रविवार. खरं तर १८ची पहाट

दुपारी कचऱ्याचे डबे बाहेर ठेवताना आजोबा म्हणाले, आज नऊला झोपणार. मी विचारलं, आणि जिंकले तर उठवू? त्यावर त्यांनी १९८६चं सांगितलं. वर्ल्ड सिरीज, सहावी मॅच, न्यूयॉर्कच्या मेट्सविरुद्ध. जिंकायला फक्त एक चेंडू हवा होता. तेव्हा त्यांचे वडील ह्याच घरात, आमच्याच मजल्यावर राहत. सोळा वर्षांचे असताना त्यांनी १९१८ पाहिलेलं. शेवटचा चेंडू तरी बघू दे, म्हणून आजोबांनी म्हाताऱ्याला झोपेतून उठवलं, खुर्चीत बसवलं. आणि मग एकेक करत सगळं हातातून गेलं. शेवटी रेड सॉक्सच्या बिल बकनरच्या पायांमधून चेंडू निघून गेला. दोन वर्षांनी वडील गेले. “कुणाला उठवायचं नाही,” आजोबा म्हणाले, आणि डब्याचं झाकण नीट बसवून आत गेले.

मी जागी होते ती क्रिकेटसाठी. चेन्नईचा शेवटचा दिवस इथल्या रात्री बाराला सुरू होणार. २१० धावा हव्यात, दहाच्या दहा विकेट हातात, सेहवाग नाबाद. पहिल्या डावात त्यानं १५५ ठोकलेत, कुंबळेनं सामन्यात तेरा बळी घेतलेत. अशी संधी पुन्हा येत नाही. कॉम्प्युटरवर स्कोअरचं पान उघडलं: पाऊस, खेळ सुरू झालेला नाही. शेजारी आवाज बंद करून टीव्ही.

बाराच्या सुमारास तिथे नववा डाव, शेवटचा. यांकीज ४-३नं पुढे आणि पिचर मारियानो रिव्हेरा. त्याच्यापुढे नवव्या डावात कुणी धाव काढत नाही, असं इथे सूर्य उगवतो तितक्या सहज म्हणतात. त्यानं आपल्या केव्हिन मिलारला चार वाइड टाकून पहिल्या बेसवर जाऊ दिलं (एक धाव पुरी करायला असे चार बेस, म्हणजे थांबे, गाठावे लागतात). मिलार धावायला जड. त्याच्या जागी डेव्ह रॉबर्ट्सला आणलं. हा माणूस केवळ पळायला संघात ठेवलेला. ह्या मालिकेत त्याचा मैदानाला पायही लागला नव्हता.

क्रिकेटमध्ये आपण ‘चोरटी धाव’ म्हणतो, पण त्यात चोरी अशी काही नसते. इथे बेस खरोखरच चोरतात, तेही राजरोस. पिचरनं चेंडू फेकायला हात उचलला की धावत सुटायचं, आणि कॅचरचा, म्हणजे इथल्या यष्टिरक्षकाचा, थ्रो येण्याआधी दुसऱ्या बेसवर पोचायचं. गंमत अशी की आज हा चोर चोरी करणार हे अख्ख्या स्टेडियमला माहीत होतं. रिव्हेरालाही. त्यानं फलंदाजाकडे बघायच्या आधी तीनदा वळून पहिल्या बेसवर चेंडू मारला. तिन्ही वेळा रॉबर्ट्स पोटावर आडवा होऊन परत. मग पहिला चेंडू, आणि तो सुटला. थ्रो अचूक होता, यांकीजच्या जीटरचा हातमोजाही वेळेवर खाली आला. बोटभराच्या अंतरानं तो वाचला. त्यानंतर बिल म्युलरचा (लोक उच्चार ‘मिलर’ करतात, एका डावात मिलार आणि मिलर) फटका थेट रिव्हेराच्या बाजूनं गेला आणि रॉबर्ट्स घरी, म्हणजे चौथ्या बेसवर. ४-४.

मी उभी होते. कधी उठले कोण जाणे. कॉम्प्युटरवर: पाऊस.

(त्या रात्रीनंतर रॉबर्ट्स पुढच्या मॅचमध्ये एकदा धावला, बाकी काही नाही. पुढे तो लॉस एंजेलिस डॉजर्सचा मॅनेजर झाला. २०२४च्या वर्ल्ड सिरीजमध्ये त्याच्या संघानं यांकीजनाच ४-१नं हरवलं. शेवटच्या मॅचला यांकीज ५-०नं पुढे असताना. मी नागपूरला होते, सकाळचा चहा घेत बघितलं. मैदानाच्या कडेला, डगआउटमध्ये उभा तो पोक्त माणूस बघताना मला मात्र पोटावर आडवा झालेलाच दिसत होता.)

दहावा डाव, अकरावा. पाऊस. बाराव्यात आपल्या डेव्हिड ऑर्टिझनं चेंडू उजवीकडे प्रेक्षकांच्या दिशेनं उंच भिरकावला. ६-४. घड्याळात एक बावीस. नवऱ्याची झोप मोडू नये म्हणून मी तोंडावर हात दाबून धरला होता.

आणि पायाखालून झाडूच्या दांड्याचे तीन ठोके आले.

मी खलबत्त्यातला बत्ता घेतला आणि तीनदा खाली आपटला.

१८ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी ऑफिसला निघण्याआधी कॉलिंग कार्डानं आईला फोन.

“आई, आपण जिंकलो!”

“काय बोलतेस? पाऊस पडला ना मद्रासला! एक चेंडू पडला नाही. ड्रॉ झाली.”

“ते नाही गं, इथे, रात्री...”

“मग ‘आपण’ म्हणजे कोण गं?”

तीन मिनिटं राहिल्याची सूचना झाली, त्यामुळे उत्तर द्यावं लागलं नाही. घटात कोंब आलेत का, एवढं विचारून झालं. आलेत.

रात्री: पाचवी मॅच संध्याकाळी सुरू झाली आणि अकराला संपली. चौदा डाव, पाच तास एकोणपन्नास मिनिटं. पुन्हा ऑर्टिझच. पहाटेचा फटका आणि रात्रीचा फटका, दोन्ही १८ तारखेचेच. मला मात्र आपला पिचर वेकफिल्ड लक्षात राहिला. गेल्या वर्षी बूनच्या होमरनचा चेंडू ह्यानंच टाकला होता. तो नकलबॉल टाकतो, म्हणजे चेंडूला फिरकी नाहीच, हवेत डुगडुगत येतो; कुठे जाईल हे टाकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. पकडणाऱ्याचे हाल. तेराव्या डावात कॅचर व्हॅरिटेकच्या हातून तीनदा चेंडू निसटला, यांकीजची माणसं दुसऱ्या-तिसऱ्या बेसवर पोचली, आणि मी उशीत तोंड घालून बसले. तरी वेकफिल्ड तेच टाकत राहिला, कारण त्याच्याकडे दुसरं काही नव्हतंच. तीन डावांत एकही धाव दिली नाही.

ठोके तीन. बत्ता तीन.

१९ ऑक्टोबर, मंगळवार

४-२. आता तीन-तीन.

शिलिंगच्या घोट्याची शीर जागेवर राहावी म्हणून डॉक्टरांनी कातडीतून टाके घालून ती बांधून टाकली होती. मोज्यावर रक्ताचा डाग, आणि कॅमेरा पुन्हा पुन्हा तिथेच. सात डाव टाकले त्यानं. मला हे असलं शौर्य पटत नाही. खेळच आहे शेवटी. पण अँटिग्वाला मोडलेला जबडा बांधून कुंबळे गोलंदाजीला आला तेव्हा मीच रडले होते. तेव्हा म्हणे देशासाठी. मोजा तेवढा परका.

यांकीजच्या ॲलेक्स रॉड्रिग्जनं धावता धावता आपल्या पिचरच्या, अरोयोच्या, हातमोज्यावर चापट मारून चेंडू पाडला. लाखो डॉलरचा खेळाडू आणि वागणं आमच्या धरमपेठेतल्या गल्ली क्रिकेटचं! पंचांनी एकत्र येऊन त्याला बाद दिलं. मग प्रेक्षकांनी मैदानात वस्तू फेकल्या आणि पोलीस शिरस्त्राणं घालून कडेला ओळीनं बसले.

२० ऑक्टोबर, बुधवार

१०-३. न्यूयॉर्कमध्ये, त्यांच्या अंगणात. आपल्या जॉनी डेमननं दुसऱ्याच डावात तिन्ही बेस भरलेले असताना होमरन मारला, मग आणखी एक. आपला पिचर डेरेक लो, त्यानं सहा डावांत एकच फटका दिला. इतकी सोपी गेली की थोडी निराशाच झाली.

ठोके आले नाहीत. खाली जाऊन बघितलं तर आजोबा अंधारात रेडिओजवळ बसलेले. “अजून चार मॅच आहेत,” म्हणाले. खरं आहे, वर्ल्ड सिरीज बाकी आहे. जिना चढताना लक्षात आलं की ते जे ‘वी’ म्हणतात, त्यात ‘आम्ही’ आणि ‘आपण’ दोन्ही बसतात. ऐकणाऱ्याला आत घेतलंय की बाहेर ठेवलंय, त्यांच्या भाषेत कळायला मार्ग नाही.

२१ ऑक्टोबर, गुरुवार

काल रात्री फेनवेबाहेर जल्लोषाची गर्दी आवरताना पोलिसांनी मिरपुडीच्या गोळ्या झाडल्या. एक डोळ्यात लागून एकवीस वर्षांची विद्यार्थिनी गेली. ती नुसती उभी होती. त्याच गर्दीत वरच्या मजल्यावरची पोरं होती. सकाळी गप्प होती.

आज देवीपुढे बसवेना.

२७ ऑक्टोबर, बुधवार

कोजागिरी, आणि चंद्रग्रहण. आईचं दूध पिऊन झालंसुद्धा. तिकडे ग्रहण लागेपर्यंत चंद्र मावळणार, त्यामुळे नागपूरला ग्रहण नाही. शिवाय नागपूरच्या टेस्टमध्ये खेळपट्टीवर गवत ठेवलंय म्हणून ती चिडलेली. इथे मात्र सव्वानऊला लागतं, एकला सुटतं. “तोवर दूध प्यायचं नाही. तुळशीपत्र घालून ठेव.”

आटवलं. केशर, वेलची, जायफळ. सेंट लुईसला रेड सॉक्स ३-०नं पुढे, मालिकेतही तीन-शून्य. पावणेअकराला मागच्या जिन्यात जाऊन आले. चंद्र तांब्याच्या जुन्या भांड्यासारखा. रस्त्यावरच्या प्रत्येक घरात दिवा होता. को जागर्ति विचारत लक्ष्मी आज इथून गेली असेल तर गोंधळली असेल.

नववा डाव सुरू झाला तेव्हा मी बत्ता घेऊन तीनदा आपटला. उठवायचं नाही हे माहीत होतं. तरी आपटला.

आजोबा वर आले. घरातल्या सपाता, अंगात जुना स्वेटर. खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. खोलीभर नजर फिरवली, पण काही बोलले नाहीत. शेवटचा चेंडू जमिनीवरून उसळत पिचरकडे आला, त्यानं तो पहिल्या बेसकडे अलगद टाकला. एवढंच. शहाऐंशी वर्षं, आणि असा साधा चेंडू.

बाहेर गाड्यांचे हॉर्न सुरू झाले. आजोबा बराच वेळ हाताकडे बघत होते. मग म्हणाले, उद्या सकाळी गाडीनं सोडशील का? दफनभूमीत जायचंय. बाबांना उठवायला.

मी दुधाचं पातेलं उतरवलं. ग्रहण सुटायला अजून तास होता. तीन कप भरले.