डबल

जेवण आटोपून मी नुकताच आडवा झालो होतो, तेवढ्यात भाचा अल्बम घेऊन आला. नवाकोरा, जाडजूड. उघडला तर नये पैसे. एक, दोन, पाच, दहा, पंचवीस, पन्नास. १९५७ पासून सालवार, जो तो आपापल्या खिशात. "मामा, एकही कमी नाही," तो म्हणाला. मोबाइलवर पाहिला, मागवला, कुरियरने आला. मी चष्मा लावून पानं उलटली. खरंच कमी नव्हतं. कुठे बोट ठेवायला जागा नाही म्हटल्यावर मला उगाच चुकल्यासारखं झालं आणि तोंडून निघालं, "बरं, डबल किती आहेत?"

त्याला प्रश्नच कळला नाही. सेट घेतल्यावर डबल कुठून येणार?

आमच्या वेळी (हे दोन शब्द आमच्या घरात बंद आहेत, तरी निघतातच) डबलशिवाय संग्रह नव्हता. हवं असायचं एक आणि हाताला लागायची नको ती पाच. मधल्या सुट्टीत त्यांचा बाजार भरे. तीन पैशांची दोन षटकोनी दिली की एक कमळ. कमळ म्हणजे १९६८ पासून निघालेलं वीस पैशांचं पितळी नाणं. ॲल्युमिनियमच्या हलक्याफुलक्या चिल्लरीत ते असं पिवळंधमक उठून दिसे की मोठी माणसंसुद्धा ते खर्चायला कचरत. आमच्या एसटीच्या कंडक्टरकाकांना माझा नाद ठाऊक होता. तिकीट फाडता फाडता चामडी बॅगेत दोन बोटं घालून ते सांगायचे, "आज कमळ नाही रे, षटकोनी आहेत. चालतील?" षटकोनी माझ्याकडे ढिगाने होती. तरी मी घ्यायचो. नाही म्हटलं तर उद्या विचारायचे नाहीत, ही भीती.

आणि १९७० सालचं कमळ आमच्याच घरात होतं. देव्हाऱ्यात. आजीने ते लक्ष्मीपूजनाला ठेवलं होतं आणि मग तिथेच राहिलं, बाळकृष्णाच्या शेजारी, हळदीकुंकवाने माखून. माझ्याकडे ६८ची दोन होती. मी सरळ सौदा मांडला.

"आजी, हे घे नि ते दे. कमळ तेच आहे."

"देवाचं बदलायचं नसतं."

"देवाला कुठे साल वाचता येतं?"

"तुला येतं ना? मग रोज येऊन वाच."

मी खरोखरच रोज जाऊन वाचायचो. हा मुलगा फार देवभोळा आहे असा पुढे बरीच वर्षं घरात समज होता.

वाचायचं म्हणजे नुसतं साल नव्हे, त्याच्या खाली बघायचं. टाकसाळीची खूण तिथे असते. हिरा असेल तर मुंबई, तारा असेल तर हैदराबाद, काहीच नसेल तर कोलकाता. पुढे नोएडाची टाकसाळ सुरू झाली, तिने ठिपका घेतला. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात हजार हात फिरलेल्या नाण्यावरचा हिरा झिजून झिजून इतका पुसट होतो की मुंबईचं नाणं बघता बघता कोलकात्याचं होऊन बसतं. उलट कोलकात्याच्या एखाद्या नाण्यावर नेमक्या जागी मळाचा कण बसला की ते नोएडाचं. अशा वेळी नखाने हलकेच टोकरून बघावं. बरेचदा अख्खं नोएडा नखात येतं. हा उद्योग विकतच्या सेटमध्ये करता येत नाही. तिथे सगळं टोकरून, ओळखून, चिठ्ठी लावून आलेलं असतं.

पण सुटं सुटं जमवण्याचा तोरा मिरवावा तर तोही आता पोकळच. ३० जून २०११ नंतर पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी चलनातून गेली. कंडक्टरच्या बॅगेत आता चाराणे सापडायचे नाहीत. म्हणजे मीही नाण्यांच्या व्यापाऱ्याकडेच जातो आणि विकतच घेतो, फक्त हप्त्याहप्त्याने. हिशेब केला तर भाच्याचा अल्बम माझ्यापेक्षा स्वस्तात पडला असणार. माझ्या खर्चात भिंग आहे, खिशांची पानं आहेत, येण्याजाण्याचं भाडं आहे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण आमच्या जमातीसाठीच केली असावी, तीही आण्यात.

एवढं मात्र अनुभवाने सांगतो, व्यापाऱ्याला कमी असलेल्या नाण्यांची यादी दाखवू नये. यादीत एकच ओळ उरलीय हे कळलं की त्याचा चेहरा बदलतो आणि पाठोपाठ भावही. कुठल्याही सेटमध्ये खरी अवघड नाणी एक-दोनच असतात, बाकीचं वऱ्हाड. शहाणा माणूस अवघड नाणं आधी घेतो. आपण वऱ्हाड आधी जमवतो, पान भरल्याचा आनंद करतो आणि मग तो एक रिकामा खिसा वर्षानुवर्षं आ वासून आपल्याकडे बघत राहतो. तयार सेट घेणाऱ्यानेही वऱ्हाडाकडे पाहू नये, त्या एक-दोघांवरच भिंग धरावं. विकणारा सगळ्यात गुळगुळीत नग बहुधा तिथेच खपवतो.

टाकसाळीने स्वतः विकायला काढलेले सेट ही आणखी वेगळी जात. त्यातली प्रूफ नाणी खास घासूनपुसून चकचकीत केलेल्या साच्यांतून काढतात; पार्श्वभूमी आरशासारखी आणि त्यावर चित्र दुधाळ. हात लावला की बोटाचा ठसा कायमचा. रवींद्रनाथांच्या दीडशेव्या जयंतीला दीडशे रुपयांचं नाणं निघालं, तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराला हजार वर्षं झाली तेव्हा हजार रुपयांचं. अशी नाणी सुट्या पैशांत मिळण्याचा प्रश्नच नाही, ती घ्यायची तर डबीसकटच. दिसतात देखणी. पण त्या हजार रुपयांनी आजवर कोथिंबिरीची एक जुडीसुद्धा आणलेली नाही, आणि ज्या नाण्याने कधी बाजार केला नाही त्याला नाणं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. हा माझा हेका आहे. बायकोला मान्य नाही. तिच्या मते मुळात एकही नाणं कपाटात ठेवण्यासाठी नसतं.

तर भाचा. मी माझा डबलांचा डबा त्याच्यापुढे सरकवला. त्याने दोन मिनिटं चाळला आणि म्हणाला, "हे सगळं आहे की माझ्याकडे."

बरोबरच होतं. त्याला माझ्याकडून काही नको आणि मला देण्यासारखं त्याच्याकडे जादा काही नाही. आमच्यात बोलण्यासारखं फारसं उरलं नाही. मग मी चहा टाकला.

पुऱ्या सेटची हाव काही आजची नव्हे. जहांगीराने १६१८ साली नाण्यांवर महिन्याच्या नावाऐवजी राशीचं चित्र घालायला सुरुवात केली. मेंढा, बैल, विंचू. पुढे युरोपातल्या संग्राहकांना बाराच्या बारा हव्या झाल्या. बादशहा तर केव्हाच गेलेला. मग बारा पुऱ्या करून देणारे कारागीर निघाले. आज त्या नाण्यांतली खरी कुठली नि मागाहून पाडलेली कुठली हे सांगायला मोठे जाणकार लागतात. अमेरिकेत लुई एलियासबर्ग नावाचे बाल्टिमोरचे बँकवाले होते. त्यांच्या देशाची तोवर ठाऊक असलेली सगळी नाणी, साल आणि टाकसाळ धरून, त्यांनी पुरी केली. शेवटचं १८७३ सालचं कार्सन सिटी टाकसाळीचं, सालाशेजारी बाण नसलेलं, दहा सेंटचं, १९५० मध्ये मिळालं. तसलं दुसरं जगात माहीत नाही. पण त्यांनीही १९४२ मध्ये दुसऱ्या एकाचा अख्खा संग्रह एकगठ्ठा घेतला होता, तेव्हा त्यांना माझ्या पक्षात धरू की भाच्याच्या, मला ठरवता येत नाही. १९७६ मध्ये ते वारले. सोन्याची नाणी १९८२ मध्ये लिलावात गेली, उरलेली १९९६-९७ मध्ये. सगळी सुटी सुटी.

हल्ली मी शिवराईकडे वळलोय. तांब्याचा जाडसर तुकडा, एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', कडेने ठिपके. साल नाही, टाकसाळीचं नाव नाही. महाराजांनंतर पेशवाईतही त्याच नावाने पाडत राहिले. कुठे शिव, कुठे सिव, कुठे अक्षर इतकं मोठं की निम्मं नाण्याबाहेर गेलेलं. शेवटी शेवटी दोन आडव्या रेघांची दुदांडी आली. डब्यात एकसारख्या दिसणाऱ्या दोन शिवरायांवर भिंग धरलं की त्या वेगळ्या निघतात, म्हणजे इथे डबलसुद्धा धड डबल नाही. याची यादी पुरी व्हायची नाही आणि पानावर खिसे किती पाडायचे तेही कुणी सांगू शकत नाही. तरीही शिवराईचा पूर्ण सेट म्हणून कुणी विकायला काढलाच, तर मला जरूर कळवा. घ्यायचा नाही, विकणाऱ्याचं तोंड बघायचंय.